सिरियलमधली खाष्ट काकू झालेय आणि लोक खरंच चिडतायत, जुन्या नटांनी हे कसं झेललं?

मधली_काकू

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसतीच वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

वय ४७. कॉलेजपासून हौशी नाटकं, राज्य नाट्य स्पर्धा, मग संसार, नोकरी, मुलीची बारावी, सगळं नेहमीचंच. गेल्या वर्षी ओळखीतून एक ऑडिशन दिली आणि डेली सोपमध्ये नायिकेच्या चुलत सासूचं काम मिळालं, तीन दिवसांचं म्हणून गेले होते, ट्रॅक चालला म्हणून आठ महिने झाले तरी सुरूच आहे. सिरियलचं नाव सांगत नाही. काम काय, तर दाराआड उभं राहून ऐकायचं, फोनवर कुजबुजायचं आणि मागच्या महिन्यात सुनेच्या दुधात कसलीशी पावडर टाकली. चमचा ढवळतानाचा क्लोजअप पाच वेळा घेतला, शेवटी दुधावर साय धरली, ती मेकअपदादाने टूथपिकने काढली तेव्हा कुठे शॉट ओके झाला.

तो एपिसोड गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या मावशींकडे भाजीला गेले. बारा वर्षं त्यांच्याचकडून घेते, कडीपत्ता न मागता पिशवीत पडतो. त्या दिवशी पैसे घेतले, सुट्टे परत दिले, कडीपत्ता नाही. वर म्हणाल्या, "एवढी गुणाची पोर ती, कसं करवलं गं तुला." मी हसले, त्या नाही हसल्या. घरी सासूबाई (खऱ्या) म्हणाल्या दूध आता मीच गरम करत जाईन. चेष्टेत. बहुतेक.

गंमत अशी की मला हे आवडतंयसुद्धा. ऑफिसात २१ वर्षं काढली, लिफ्टमध्ये कुणी मान वळवून बघितलं नाही, आता रिक्षावाला आरशातून बघतो. आणि त्याच दिवशी रात्री इन्स्टावरच्या कमेंट वाचून रडतेपण. हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं कळत नाही. म्हणून विचारतेय, आपल्याकडचे जे जुने कॅरेक्टर रोल करणारे लोक होते, हिरो नव्हे, त्यांनी या सगळ्याकडे कसं बघितलं? कुणी मोकळेपणाने लिहिलंय बोललंय का? "दुर्लक्ष करा" हा सल्ला नको, तो नवऱ्याने देऊन झालाय.

---

नाना_कराडकर

ताई, पहिलं म्हणजे अभिनंदन, मावशींनी कडीपत्ता बंद केला म्हणजे चमचा बरोबर ढवळला गेलाय.

तुमचं वाचून निळूभाऊच डोळ्यासमोर आले. आमच्याकडे यात्रेत तंबूत सिनेमा लागायचा, मी आठ-दहा वर्षांचा असेन, आई पदरात शेंगा घेऊन बसायची आणि निळू फुले पडद्यावर आले की शेंग फोडायची थांबायची. पुढचा सीन सुरू व्हायच्या आधीच "आला मुडदा" आणि कडाकडा बोटं मोडायची. सगळ्या बायका मोडायच्या, तो आवाज मला अजून आठवतो. खेडोपाडी त्यांच्याबद्दल हीच तऱ्हा होती, त्या काळी दौऱ्यावर त्यांना हे सारखं झेलावं लागलं असणार, आणि ते चिडणं म्हणजे आपल्या कामाची पावती असंच त्यांनी कायम धरलं.

पुढे कळलं की हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेला, पुण्यात लष्कराच्या मेडिकल कॉलेजात माळी म्हणून काम केलेला. माळी हो! आम्ही ज्याला गावावर नजर ठेवणारा पाटील समजत होतो तो रोपांना पाणी घालत होता. 'कथा अकलेच्या कांद्याची'ने नाव झालं, मग १९६८ ला 'एक गाव बारा भानगडी' आणि तिथून पुढे सरपंच, पाटील, साखरसम्राट, सुटकाच नाही. 'सामना'तला हिंदुराव धोंडे-पाटील बघा पुन्हा एकदा, त्यात ते ओरडत नाहीत फारसे, प्रेमाने बोलतात, आणि म्हणून जास्त भीती वाटते.

ती आईची गोष्ट राहिली. बऱ्याच वर्षांनी टीव्हीवर 'सिंहासन' लागला होता, मी मुद्दाम तिला बसवलं. त्यात ते दिगू टिपणीस, पत्रकार, सगळं राजकारण बघत हिंडणारा, बाईकडे वाकडी नजर नाही की कुणाची जमीन हडपत नाही. आई पूर्ण सिनेमाभर वाट बघत होती की हा आता काहीतरी करणार. म्हटलं अगं नाही करत काही. तर म्हणाली थांब तू, तुला माहीत नाही तो. शेवटी दिगू वेड्यासारखा हसत सुटतो ना, तेव्हा आई गप्प झाली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "याला कुणी रं असं केलं?" बोटं मोडणारी तीच बाई. तिला बाकी सिनेमा किती कळला मला माहीत नाही.

आता नकला करणाऱ्यांनी सगळा माणूस "बाई, वाड्यावर या" एवढ्यावर आणून ठेवलाय, त्याचा मला खरंच राग येतो, पण तो वेगळा धागा होईल.

---

पुस्तकी_किडा

डॉ. श्रीराम लागूंचं 'लमाण' वाचलं नसेल तर आधी ते मिळवा. आत्मचरित्र म्हणून आलं २००४ ला, पण आत्मकौतुक शोधायला गेलात तर फसाल. नावातच सगळं आहे, नट म्हणजे लमाण, इकडचा माल तिकडे नेऊन पोचवणारा. माल लेखकाचा, घेणारे प्रेक्षक, मधे आपण पाठीवर गोणी टाकून चालतोय. तुमच्या भाषेत सांगायचं तर पावडर तुमची नाहीच, लेखकाने दिली, तुम्ही दुधापर्यंत पोचवलीत :)

आणि तुम्ही ४७ म्हणून कचरताय असं वाटलं म्हणून सांगतो, ते नाक-कान-घशाचे सर्जन होते, परदेशात शिकून आले, टांझानियात टाबोराला डॉक्टरी केली आणि १९६९ ला बेचाळिशीच्या आसपास सगळं सोडून पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी, २३ डिसेंबर १९७० ला, गोवा हिंदु असोसिएशनच्या 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग. म्हणजे लोक ज्या वयात पीएफ मोजायला लागतात त्या वयात हा माणूस म्हातारा बेलवलकर होऊन उभा राहिला.

मला त्यांचं सगळ्यात काय आवडतं माहितीये का, मिळालेली प्रसिद्धी जपून ठेवली नाही, खर्च केली. 'देवाला रिटायर करा' हे जाहीरपणे म्हणायचं, दाभोलकरांबरोबर गावोगाव विवेकजागराचे कार्यक्रम करायचे, ज्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं त्यांच्याचसमोर बसून त्यांना न आवडणारं बोलायचं. इमेज सांभाळणाऱ्याला हे जमत नाही.

---

फटकळ_फणस

किडेसाहेब, लमाणाची उपमा छान आहे, पण मला ती कधीच पूर्ण पटली नाही. नुसता माल पोचवायचा असेल तर कोण पोचवतं याने फरक पडायला नको. मग लागूंचा बेलवलकर, दत्ता भटांचा बेलवलकर, यशवंत दत्तांचा बेलवलकर यावर आमच्या घरात दोन मामांनी आठ दिवस बोलणं का टाकलं होतं? माल शिरवाडकरांचाच ना तिन्हीकडे? २०१६ ला नाना पाटेकरांचा सिनेमा आला तेव्हा तर धाकट्या मामाने थेटरात इंटरव्हललाच निकाल देऊन टाकला. काय दिला ते इथे लिहीत नाही, भांडणं होतील.

मोठ्या माणसाचा विनय असतो तो, त्याला शोभतो. पण लागूंनी हिंदीत शंभराच्या वर सिनेमे केले, जज, डॉक्टर, हिरोइनचे वडील, पोलीस कमिशनर, 'घरौंदा'सारखे थोडे सोडले तर त्यातलं किती आठवतंय तुम्हाला? गोण्या त्यापण वाहिल्याच की. सगळ्याच गोण्यांत काही केशर नसतं. काकू, तुमच्या गोणीत सध्या काय आहे ते तुम्हाला माहितीये, त्यामुळे कुणी शिव्या दिल्या म्हणून रडू नका आणि रिक्षावाल्याने बघितलं म्हणून फुगूही नका, दोन्ही सिरियलच्या खात्यावर टाका.

(दूध थंड का होऊ दिलं? गॅस ठेवत नाहीत का सेटवर? हे आपलं उगीच.)

---

मधली_काकू

@फणस, सेटवरचा गॅस दिखाऊ असतो हो, शेगडी आहे, सिलेंडर नाही. दूध स्पॉटबॉय कँटीनमधून आणतो.

@नाना, तुमच्या आईंची गोष्ट मुलीला वाचून दाखवली, दोघी रडलो.

---

विंगेतला

मी बॅकस्टेजला, लाइट्स, १९ वर्षं झाली. वरचं सगळं बरोबरच आहे पण मंडळी तुम्ही सगळे शिखरावरच्या लोकांबद्दल बोलताय. लागू, निळूभाऊ म्हणजे काय, ते शिव्या खाऊनही मोठेच होते. मी बघितलेत ते तिसऱ्या-चौथ्या नंबरचे नट, ज्यांचं नाव जाहिरातीत "आणि" च्या पुढे येतं. त्यांचं जास्त लागू पडेल ताईंना.

एक काका होते, नाव नको, हयात आहेत. एका जुन्या सिरियलमध्ये त्यांचा एक तकियाकलाम गाजला होता, तीन शब्दांचा. सिरियल बंद होऊन १५ वर्षं झाली, तरी दौऱ्यावर ढाब्यावर बस थांबली की कुणीतरी येणार आणि म्हणणार काका ते म्हणा ना. रात्रीचा एक वाजलेला, प्रयोग झालेला, हातात भाकरीचा तुकडा, आणि काका उठून उभे राहणार आणि म्हणणार. बसून नाही म्हणायचे, उठून. सेल्फी झाला की परत बसणार, तोवर पिठलं थंड. आम्हाला वाईट वाटायचं, एकदा मीच त्या पोरांना हाकलायला निघालो तर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले राहू दे रे, याच्यावरच मुलीचं लग्न झालंय. पुढे बसमध्ये बसल्यावर खिडकीकडे तोंड करून हळू आवाजात म्हणाले, पण आज मी दुसऱ्या अंकात जो पॉज घेतला तो एकाने तरी विचारावा. पॉज खरंच भारी होता, मी लाइट अर्धा सेकंद उशिरा काढला होता त्याच्यासाठी. सांगितलं त्यांना. खूश झाले, मग कोल्हापूरपर्यंत झोपू दिलं नाही.

आता व्यवहाराचं, कारण ते कुणी सांगत नाही. नाटकात नाईट (म्हणजे प्रयोगाचं मानधन) प्रयोगागणिक हातात पडते, कमी असली तरी. सिरियलचं पर डेचं पेमेंट तीन-तीन महिन्यांनी येतं हे तुम्हाला आता कळलंच असेल. ट्रॅक कधीही संपतो, काकूला मुलाकडे अमेरिकेला पाठवतात आणि ती परत येत नाही. चेहरा लोकांच्या लक्षात राहतो आणि काम नसतं, तो काळ सगळ्यात वाईट, कारण लोक विचारतात सध्या काय चाललंय. नोकरी सोडली नसेल तर सोडू नका, सोडली असेल तर वर्षभराचे पैसे बाजूला ठेवा, आणि वर्षातून एक तरी नाटक करत जा, कुठेही, आपल्या जुन्या हौशी ग्रुपमध्ये का होईना. इन्स्टावर शिव्या देणारा आणि हार घालणारा, दोघांनाही तुमचा पॉज दिसलेला नसतो. तो दिसणारी चार माणसं नाटकातच भेटतात.

---

तात्या_विंचू_फॅन

या सगळ्यात दिलीप प्रभावळकर सगळ्यात हुशार असं माझं मत. चिमणराव वेगळा, गांधीजी वेगळे, तात्या विंचू तर काय बोलायलाच नको, चेहराच दर वेळी बदलून टाकला की भाजीवालीने चिडायचं कुणावर? आणि हा माणूस आधी विज्ञान शिकलेला. माळी, सर्जन, विज्ञानवाला, अशोकमामा तर बँकेत होते, आपल्याकडे नट आधी दुसरंच काहीतरी असतो असं दिसतंय. काकू ऑफिसवाल्या, फिट बसताय.

---

नाना_कराडकर

@विंगेतला, क्या बात. त्या काकांना आमचा नमस्कार सांगा, आणि तीन शब्द कुठले ते व्यनित (खाजगी निरोपात) कळवा.

किडेसाहेबांनी प्रसिद्धी खर्च केली म्हटलं त्याला थोडी पुस्ती. 'लग्नाची बेडी'चे प्रयोग आठवतात का कुणाला, लागू, निळूभाऊ, तनुजा, अमरापूरकर अशी सगळी मंडळी एकत्र येऊन दौरे केले आणि त्यातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, चळवळीत पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा काहीतरी मिळावं म्हणून. आता गंमत बघा, सामान्य माणूस तिकीट कशाला काढायचा, तर सिनेमातला तो बदमाश पाटील प्रत्यक्षात कसा दिसतो ते बघायला. बोटं मोडणाऱ्या बायकांचेच पैसे हो ते! निळूभाऊ २००९ ला गेले, डॉक्टर २०१९ ला. आमच्या आईने निळूभाऊ गेल्याची बातमी ऐकून टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितला होता. बोलली काही नाही.

---

मधली_काकू

सगळ्यांना एकेक करून उत्तर द्यायचं होतं पण काल कॉल टाइम सकाळी सातचा होता आणि पॅकअप रात्री अकराला.

'लमाण' लायब्ररीत मिळालं, मेकअप रूममध्ये वाचतेय, शॉट लागेपर्यंत वेळच वेळ असतो. फणसराव, तुमचा मुद्दा पटला आणि लागूंचाही पटतोय, काय करू. @विंगेतला, नोकरी सोडलेली नाही, बिनपगारी रजा चालू आहे, ती मार्चला संपते. जुन्या ग्रुपला कालच फोन केला, एकांकिका बसवतायत, मला आजीचं काम आहे, पाच मिनिटांचं, संवाद चार.

आणि हो, आज परत भाजीला गेले होते. मेथी, वांगी, पाव किलो आलं. मावशींनी पिशवीत कडीपत्त्याची काडी धरली आणि सोडली नाही, हातातच ठेवून म्हणाल्या, "आधी सांग, सोमवारी तू सापडतेस का नाही?" मी म्हटलं मावशी, कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहून घेतलंय, नाही सांगता येत. तर काडी परत टोपलीत.