मेंदू काढल्यावरही समुद्री चपटा कृमी हालचाल कशी करतो?

प्रश्न (जीवशास्त्र शिक्षिका, नागपूर)

प्लॅनेरिया या गोड्या पाण्यातील चपट्या कृमीचे पुनर्जनन (तुटलेला भाग पुन्हा वाढणे) शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले, की डोके कापलेला तुकडा नवा मेंदू तयार होईपर्यंत कशाच्या बळावर सरकतो आणि समुद्रातील चपट्या कृमींचेही तसेच असते का. आमच्या प्रयोगशाळेत समुद्री प्राणी फॉर्मॅलिनच्या बरण्यांतूनच पाहायला मिळतात, त्यामुळे पॉलिक्लॅड या समुद्री चपट्या कृमींच्या गटाच्या चेतासंस्थेचा ज्यांनी अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, प्राणिशास्त्र)

आपल्या विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. पॉलिक्लॅडचा मेंदू दोन खंडांचा असून तो एका आवरणात बंदिस्त असतो. त्यातून निघालेल्या चेतारज्जूंच्या जोड्या शरीरभर पसरून एकमेकींना जोडल्या जातात आणि त्यांचे एक जाळे तयार होते. सरकण्याचे काम पोटाकडील सूक्ष्म केसल (केसांसारखे हलणारे तंतू) आणि स्नायू करतात. केसलांच्या फटकाऱ्यांना मेंदूच्या आज्ञेची गरज नसते व स्थानिक प्रतिक्रिया जाळ्यातूनच घडतात, म्हणून मेंदू काढला तरी प्राणी निश्चल होत नाही.

मग मेंदू करतो काय? कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील नोटोप्लाना ॲक्टिकोला या जातीवर हॅरल्ड कूपोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांतून याचे उत्तर मिळते. मेंदू शाबूत असलेल्या कृमीच्या मागच्या कडेला अन्नाचा स्पर्श झाला, तर तो वळून अन्नाकडे येतो आणि पोट भरल्यावर खाणे थांबवतो. मेंदू काढलेला कृमी मात्र तेच अन्न शरीराखालून थेट तोंडाकडे सरकवतो आणि पोट भरले तरी खातच राहतो. मेंदूचे मोठे काम आवर घालण्याचे आहे, याचा इतका बोलका पुरावा माझ्या माहितीत दुसरा नाही. याच गटाने 1985 मध्ये एका कृमीचा मेंदू दुसऱ्यात बसवल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तुटलेले चेतातंतू पुन्हा जोडले गेले आणि हरवलेले वर्तनही परत आले.

उत्तर (संशोधक विद्यार्थी)

सरांच्या उत्तरात पुनर्जननाविषयी एक भर घालतो. प्लॅनेरियाच्या शेपटीकडच्या तुकड्यातून मेंदूसह नवे डोके तयार होते, कारण त्याच्या मूळपेशी (ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी बनतात) शरीरभर विखुरलेल्या असतात. पॉलिक्लॅडच्या शरीराचा मागचा भाग पुन्हा वाढतो, परंतु मेंदूचा अंशही नसलेल्या तुकड्याला नवे डोके येत नाही. मॅक्रोस्टोमम लिग्नानो हा इवलासा समुद्री कृमी पॉलिक्लॅड नाही, तरी त्याच्याबाबतीतही हीच मर्यादा दिसते. मूळपेशी या कृमींतही असतात, तेव्हा त्या असणे एवढेच डोके उगवण्यास पुरेसे नाही, असे म्हणावे लागते.

शिक्षिका

दोघांचे मनापासून आभार. वर्गात प्रत्यक्ष काही दाखवता येईल का?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, प्राणिशास्त्र)

प्लॅनेरिया अवश्य दाखवा, पण हिवाळ्यात. त्याला थंड, स्वच्छ पाणी लागते आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हाळ्यात तो टिकणार नाही. मुलांना कोकणात नेणार असाल, तर ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर दगड हलकेच उलटून पॉलिक्लॅड शोधता येतील, मात्र दगड पुन्हा पूर्ववत ठेवावेत. उघड्या हाताने त्यांना उचलू नये. त्यांचे शरीर सहज फाटते, शिवाय प्लॅनोसेरासारख्या काहींमध्ये टेट्रोडोटॉक्सिन हे तीव्र चेताविष असते.