प्रतिसाद: एफ-डक्ट आणि बुद्ध सर्किट

वर फॉर्म्युला वनबद्दल दोन मुद्दे आलेत: मॅक्लारेन संघाचा २०१० चा एफ-डक्ट (सरळ रस्त्यावर वेग वाढवणारी हवेची वाट) ही सरळसरळ फसवणूक होती आणि ट्रॅक रचणारे हर्मान टिळके यांचे सगळे ट्रॅक सारखेच. दोन्ही पटत नाहीत.

नियम हलत्या विंगवर (गाडीला जमिनीकडे दाबणारा पंखा) बंदी घालत होता. मॅक्लारेनने विंग हलवलीच नाही! गाडीच्या नाकाजवळून हवा आत घेतली, कॉकपिटमध्ये एक भोक ठेवलं. सरळ रस्त्यावर चालकाने गुडघ्याने ते बंद केलं की हवा मागच्या विंगकडे वळायची, विंग 'स्टॉल' व्हायची (तिचा दाब जायचा), ड्रॅग म्हणजे हवेचा अडथळा कमी आणि वेग जास्त. हलणारा भाग कोणता? ड्रायव्हरचा गुडघा! पळवाट म्हणा हवं तर, पण डोकं मानावंच लागेल. फेरारीवाले मात्र हाताने भोक झाकायचे, म्हणजे तीनशेच्या वेगात एका हाताने स्टिअरिंग. म्हणून एफ-डक्टवर नंतर आलेली बंदी मला योग्य वाटते. २०११ पासून डीआरएस (बटण दाबून मागची विंग उघडायची अधिकृत सोय) आलं ते बरंच झालं.

आता टिळकेंनीच रचलेलं ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. ५.१२५ किमी, आणि सपाट अजिबात नाही. तिसऱ्या वळणाला चढ आहे, तिथे ट्रॅक मुद्दाम रुंद ठेवलाय, म्हणजे ब्रेक मारताना दोन-तीन लाइन (वळण घ्यायच्या वाटा) मिळाव्यात. पुढे किलोमीटरहून लांब सरळ पट्टा. कागदावर झकास. पण २०११ च्या पहिल्या शर्यतीत रेसिंग लाइन सोडली की नुसती धूळ, ओव्हरटेक करणार कुठून? त्यात रेड बुलचा सेबास्टियन फेटल पोलपासून (सुरुवातीची पहिली जागा) शेवटच्या लॅपपर्यंत पुढेच. त्यात टिळकेंचा काय दोष?

बाकी त्याच शर्यतीच्या वेळी फेरारीच्या फेलिपे मासाने केर्बवर (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) सस्पेन्शन मोडलं, पात्रता फेरीतही आणि शर्यतीतही. त्यावर कुणी लिहिणार का?