छळछावणीच्या गोष्टीतली निरागस दोस्ती: सहावीच्या मुलीला द्यावी का?

गोदाकाठ: सावानातून (नाशिकचं सार्वजनिक वाचनालय) लेकीसाठी कादंबरी आणलीये, नाझी अधिकाऱ्याचा पोरगा आणि छळछावणीच्या कुंपणापलीकडचा ज्यू पोरगा रोज गप्पा मारतात, मी वाचताना रडले पण हे असं खरंच शक्य होतं का हो?

पंचवटीकर: अजिबात नाही ताई. ऑशविट्झ या नाझी छळछावणीचं कुंपण विजेच्या तारांचं, वर पहारा, आणि तिथे आलेल्या बहुतेक ज्यू लहान मुलांना उतरल्या उतरल्याच मारून टाकायचे. शिवाय त्या अधिकाऱ्याच्या पोराला काहीच माहीत नाही हे तर मला पटतच नाही, शाळेतच ज्यूद्वेष शिकवायचे आणि 1939 पासून तर दहाव्या वर्षी हिटलर युथ, म्हणजे नाझींची मुलांची संघटना, सक्तीचं. सगळेच निरागस, मग दोष कोणाचा?

मिसळप्रेमी: कथा आहे राव, डॉक्युमेंटरी नाही! 😄 पण दोस्ती छावणीच्या आधीची दाखवली तर जास्त टोचते असं माझं मत. म्हणजे बघा, एकाच बिल्डिंगमधली दोन पोरं, 1938 ला एकाला ज्यू म्हणून शाळेतून काढलं, 1941 ला त्याच्या कोटावर ज्यूंसाठी सक्तीची खूण असलेला पिवळा तारा, आणि दुसरा जिन्यात भेटला तरी खाली बघून सटकतो, कारण आईने दम दिलाय.

गोदाकाठ: बापरे. ही जिन्यातली गोष्ट तिला लगेच कळेल, आमच्या कॉलेज रोडच्या सोसायटीत दोन घरांचं बोलणं बंद झालं तेव्हा पोरांचं क्रिकेटही बंद पडलेलं. पुस्तक देते, पण सोबत बसून वाचू.