साडेचार वर्षांची जर्मन एसयूव्ही : आताच विकावी की ठेवावी?

डॉक्टर_कोथरूड :
नमस्कार. ऑगस्ट 2021 मध्ये मी जर्मन बनावटीची सात आसनी डिझेल एसयूव्ही स्वतःच्या नावावर घेतली. शोरूमची किंमत 80 लाख होती. त्यावर वाहनकर 12 लाख आणि विमा वगैरे धरून गाडी 96 लाखांना दारात आली. आजवर 46 हजार किलोमीटर झाले आहेत, पहिला मालक मीच, अपघात नाही. वाढीव वॉरंटी येत्या ऑगस्टमध्ये संपते. गेल्या आठवड्यात एका व्यापाऱ्याने गाडीचे 44 लाख सांगितले. त्याच माणसाने माझ्या भावाच्या सात वर्षांच्या फॉर्च्युनरला, जी तेव्हा 36 लाखांना पडली होती, 21 लाख देऊ केले. इतका फरक योग्य आहे का? की मला साधासरळ डॉक्टर समजून भाव पाडला गेला आहे?

जुना_बाजार_पुणे :
डॉक्टरसाहेब, भाव थोडा कमी आहे, पण फसवणुकीचा नाही. वीस वर्षे याच धंद्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही 96 लाखांवरून हिशेब करता. गिऱ्हाईक तसा करत नाही. विम्याचे पैसे त्या त्या वर्षी संपले. वाहनकर 15 वर्षांचा असल्यामुळे गाडी महाराष्ट्रातच विकली तर त्याचा थोडा लाभ नव्या मालकाला होतो, परंतु परराज्यातल्या माणसाला तिकडे पुन्हा कर भरावा लागतो, म्हणून तो ते पैसे तुमच्याच किमतीतून कापतो. उरतात शोरूमचे 80 लाख, आणि तेही आता 80 राहिलेले नाहीत. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या एसयूव्हींवरचा एकूण कर 50 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर आला, म्हणजे मूळ किंमत तीच धरली तर 80 लाखांची गाडी पावणेपंचाहत्तर लाखांच्या आसपास बसते. नवी स्वस्त झाली की जुनी त्याच दिवशी उतरते. त्या आठवड्यात माझ्याकडे उभ्या असलेल्या गाड्यांनाही हा फटका बसला, मात्र तो कुणी भरून दिला नाही.

आता फॉर्च्युनरचे. तिला जतपासून जुन्नरपर्यंत गिऱ्हाईक आहे, शिडीसारख्या चासीवर बांधलेली असल्याने ती खराब रस्त्याला दबत नाही, आणि तालुक्याच्या गावातला मेकॅनिकही तिला हात घालतो. तुमच्या गाडीचे गिऱ्हाईक मोजके. शिवाय ज्याच्या खिशात 44 लाख आहेत त्याच्यासमोर तुमची जुनी गाडी एकटी नसते; त्याच पैशांच्या आसपास नवी कोरी फॉर्च्युनरही उभी असते. तो तुमच्याकडे येतो तो हौसेने, पण मनात वॉरंटी संपल्यानंतरच्या बिलाची धास्ती घेऊनच.

म्हणून ऑगस्ट महत्त्वाचा. वॉरंटी संपली की भाव हळूहळू उतरत नाही, एकदम पायरी खाली जातो. विकायचीच असेल तर मेपूर्वी विका, म्हणजे घेणाऱ्याला निदान तीन महिन्यांचे कवच मिळेल. दुसरी किल्ली, सर्व्हिसची पूर्ण नोंद आणि टायरवरचे चार आकडे आधी पाहून ठेवा. पहिले दोन आकडे टायर बनल्याच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मी गाडीला हात लावण्यापूर्वी तेच वाचतो.

खतावणी :
मी सनदी लेखापाल आहे, त्यामुळे एकच मुद्दा. बाजारातली घट, विम्यातली घट आणि वहीतला घसारा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. विमा कंपनी चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत यादीतल्या किमतीच्या 50 टक्के धरते. 44 लाखांच्या तुलनेत तो आकडा पाहून घाबरू नका. गाडी तुम्ही व्यवसायात दाखवली असेल, तर किंमत आणि वाहनकर मिळून 92 लाखांवर दरवर्षी उरलेल्या रकमेच्या 15 टक्के घसारा धरून चार वर्षांनी वहीत सुमारे 48 लाख शिल्लक दिसतील (खासगी वापराचा भाग तुमच्या लेखापालाने वेगळा काढलाच असेल). विक्रीची रक्कम त्याच घसारा दराच्या मालमत्तेच्या संपूर्ण गटातून वजा होते, सुटी नफातोटा म्हणून बसत नाही. वैद्यकीय सेवेमुळे तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर विक्रीवर तो कर लागत नाही. व्यापारी भरतो तो 18 टक्के, आणि तोही फक्त त्याच्या नफ्याच्या रकमेवर.

घाटवाट :
मी उलट बाजू मांडतो. माझी अशीच गाडी वॉरंटीनंतर मी दोन वर्षे चालवली. एका पावसाळी सकाळी खाली गेलो तर डावा पुढचा कोपरा चाकावर बसलेला, जणू गाडी एका गुडघ्यावर टेकली आहे. एअर सस्पेन्शनमधली, म्हणजे स्प्रिंगऐवजी गाडी तोलणाऱ्या पिशव्यांतली हवा रात्रभरात गळाली होती. एका बाजूचा भाग, कॉम्प्रेसर आणि मजुरी मिळून बिल अडीच लाखांच्या पुढे गेले. तरीही मी म्हणेन की ज्यांना गाडी आवडते त्यांनी ठेवावी, कारण सगळ्यात मोठी घट तुम्ही आधीच सोसली आहे. आज 44 लाखांना विकून पुन्हा नवी घेतली, तर पहिल्या तीन वर्षांची ती घट नव्याने सुरू होते. फक्त वर्षाला दोन-तीन लाख बाजूला ठेवण्याची तयारी हवी.

डॉक्टर_कोथरूड :
आपणा सर्वांचा आभारी आहे. काल रात्री टॉर्च घेऊन वाहनतळात बसलो. चारही टायरवर 2821 असे आकडे आहेत, म्हणजे गाडीबरोबर आलेलेच. दुसरी किल्ली कपाटात सापडली, पण तिचा सेल संपला आहे. विकायचे ठरवले आहे. विकण्यापूर्वी टायर बदलून घेऊ का?

जुना_बाजार_पुणे :
नका बदलू. नव्या टायरला तुम्ही जे पैसे घालाल त्यातले निम्मेही किमतीत परत मिळणार नाहीत. किल्लीत मात्र सेल टाकून ठेवा, आणि आणखी दोन व्यापाऱ्यांना गाडी दाखवल्याशिवाय 44 ला होकार देऊ नका.