फॉरमॅट मारायच्या आधी: घरच्या कॉम्प्युटरवरचे तुमचे अनुभव लिहा

मंगळवार पेठ

दोन वर्षांपूर्वी आमच्या कोल्हापूरच्या घरातल्या एक्सेलच्या फाईलनं अचानक बेरीज करणं सोडलं. आईच्या भिशीचा हिशेब होता तो. नवा हप्ता घातला तरी खालचा आकडा जागचा हलेना. मी बाहेरगावी होते. भावानं सीपीयू उचलून जवळच्या एका दुकानात नेला. "विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावं लागेल," असं त्याला सांगितलं आणि फॉरमॅट मारलं, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकलं. भिशीची फाईल पेनड्राईव्हवर होती म्हणून वाचली. पण जात्यावरच्या ओव्या, ज्या आईनं तिच्या आजीकडून ऐकल्या होत्या आणि तीन वर्षं रोज थोड्या थोड्या टाइप केल्या होत्या, त्या डेस्कटॉपवर होत्या. त्या गेल्या.

फॉरमॅट झालेल्या मशीनवर भिशीची फाईल उघडली तर बेरीज तशीच अडलेली! मी परत आल्यावर बघितलं, तर फॉर्म्युलाज टॅबमध्ये कॅल्क्युलेशन ऑप्शन्स 'मॅन्युअल'वर होतं. ते 'ऑटोमॅटिक' केलं आणि सगळे आकडे एका दमात बदलले. ही सेटिंग फाईलसोबत येते. एक्सेल उघडल्यावर जी फाईल आपण पहिली उघडतो, तिची सेटिंग त्यानंतर उघडलेल्या सगळ्या फाईलींना लागते आणि सेव्ह केलं की त्यांच्यातही जाऊन बसते. भावानं आधी ऑफिसातून आणलेली एक मोठी फाईल उघडली होती, तिच्यातून हे भिशीत आलं. खूण एवढीच असते की खालच्या पट्टीत डावीकडं 'कॅल्क्युलेट' असा शब्द दिसतो. एफ-नाइन दाबलं की तेवढ्यापुरती बेरीज होते.

म्हणून हे लिहायला घेतलं. कुणाची काय अडचण होती, स्क्रीनवर नेमकं काय दिसत होतं, काय केल्यावर सुटलं, ते लिहा. सुटलं नसेल तरी लिहा. आणि कॉम्प्युटर कुणाच्याही हातात द्यायच्या आधी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स दुसरीकडं कॉपी करा, एवढं मी हात जोडून सांगते.

करवीर तालुका, दूध संस्थेचा सचिव

संस्थेत वेगळं सॉफ्टवेअर आहे. तरी मेळ घालायला मी रात्री घरी एक्सेलमध्ये संकलन उतरवून घेतो. आमचं बिल दहा दिवसांचं. नवा लॅपटॉप घेतला आणि गेल्या एप्रिलात 1 ते 10 तारखेचं फिल्टर लावलं, तर फक्त एका दिवसाचं दूध दिसायला लागलं. 4 तारखेचं. बाकीचे नऊ दिवस गायब.

तारखा डोळ्यांना बरोबर दिसत होत्या. 1/4, 2/4, 3/4, जशा टाइप केल्या तशाच. मुलीनं कॉलम निवडून तारखेचा फॉरमॅट लाँग डेट केला, म्हणजे महिना नावानं दिसेल असा, तेव्हा कळलं. पहिल्या ओळीत 4 जानेवारी, दुसरीत 4 फेब्रुवारी, तिसरीत 4 मार्च. लॅपटॉप अमेरिकेच्या पद्धतीवर होता, आधी महिना मग दिवस. 4 एप्रिल तेवढा कसाही वाचला तरी 4 एप्रिलच. 13 तारखेपासून पुढं तेरावा महिना नाही म्हणून एक्सेलनं ती तारीखच मानली नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवलं. त्याची खूण बघून ठेवा: खरी तारीख चौकटीत उजवीकडं चिकटते, मजकूर डावीकडं. एकाच कॉलममध्ये काही डावीकडं आणि काही उजवीकडं दिसल्या, की थांबायचं.

कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन, तिथं 'इंग्लिश (इंडिया)' करायचं. पण नुसतं तेवढं करून जुन्या नोंदी दुरुस्त होत नाहीत. डावीकडच्या तारखा डेटा टॅबमधल्या 'टेक्स्ट टु कॉलम्स'नं सुधारल्या, शेवटच्या पायरीत डेट निवडून डी-एम-वाय (दिवस-महिना-वर्ष) दिलं. उजवीकडच्यांना शेजारच्या कॉलममध्ये डेट फॉर्म्युला लावला. आधी त्याच तारखेचं वर्ष, मग महिन्याच्या जागी दिवस आणि दिवसाच्या जागी महिना. अदलाबदल झाली की मूळ तारीख परत मिळते. रीजन बदलल्याचा आणखी एक फायदा झाला, स्वल्पविराम लाखाच्या जागी पडायला लागले. आधी 12,50,000 चं 1,250,000 दिसायचं आणि चेअरमन दर वेळी बोट ठेवून मोजायचे.

उद्यमनगरच्या मागं राहते

आमचा छोटा मशीनशॉप आहे, नऊ कामगार. पगाराची यादी मी घरी करते आणि बँकेत देते. एका महिन्यात दोघांचा पगार परत आला, खातं नंबर चुकीचा म्हणून. मी पासबुक समोर ठेवून टाइप केलेलं. दोन्ही नंबर सोळा आकड्यांचे, आणि यादीत दोन्हींच्या शेवटी शून्य! एकाच्या पासबुकावर शेवटी 7 होता, दुसऱ्याच्या 3.

एक्सेल आकड्यातले पंधराच अंक धरतं. सोळावा आला की त्याचा शून्य करतं आणि काही बोलत नाही. ज्यांचे नंबर शून्यानं सुरू होतात त्यांचं पुढचं शून्य जातं. आधारचे बारा अंक घातले तर 'ई प्लस 11' असलं काहीतरी दिसतं, पण तिथं आकडा आत शाबूत असतो, कॉलमचा फॉरमॅट नंबर केला की दिसतो. सोळावा अंक मात्र गेला की गेला. नंतर कॉलम टेक्स्ट केला तरी परत येत नाही, पासबुकावरूनच घालावा लागतो. म्हणून कॉलम आधी टेक्स्ट करायचा, मग टाइप करायचं. मोजायचा नंबर आणि नुसता ओळखायचा नंबर यात फरक आहे. खातं नंबराची कुणी बेरीज करत नाही, मग तो मजकूर म्हणूनच ठेवावा.

त्यातल्या एकाच्या मुलाची फी भरायची होती त्या आठवड्यात. मला अजून वाईट वाटतं.

शिवाजी पेठ, पत्रिकांचं काम

वडिलांनी वीस वर्षं लग्नपत्रिका, अहेर याद्या, मंडळांची पत्रकं टाइप केली. सगळं जुन्या फाँटमध्ये, बरंचसं श्रीलिपीत. त्यांच्या माघारी नव्या कॉम्प्युटरवर फाईली उघडल्या तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांच्या खुणा. मला वाटलं व्हायरस लागला. दोघांनी तसंच सांगितलं.

फाईली खराब झाल्याच नव्हत्या. त्या जुन्या फाँटमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात, फाँट फक्त त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. फाँट नसला की आतलं इंग्रजी उघडं पडतं. वडिलांच्या जुन्या मशीनच्या फाँट्स फोल्डरमधून ते फाँट काढले, नव्यावर बसवले, आणि पहिल्याच फाईलीत 'श्री अंबाबाई प्रसन्न' वर आलं. माझ्या लग्नाची पत्रिका होती ती.

कायमचं करायचं तर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असलेल्या पद्धतीत, रूपांतर करावं लागतं. करा, पण मूळ फाईल मोडू नका. रूपांतरात रफार एखाद्या अक्षरावर सरकतो, जोडाक्षरं फुटतात. नावं एकेक वाचून घ्या. पत्रिकेत नाव चुकलं तर माणसं वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

ताराबाई पार्क, निवृत्त शिक्षक

वरच्या भावांच्या लिखाणावरून माझी अडचण आठवली. ती युनिकोडमधलीच आहे आणि फक्त आपल्या मराठीतली.

आमच्या गावाच्या इतिहासाचं पुस्तक लिहितो आहे. वर्डमध्ये 'शेतकऱ्यांचा' हा शब्द शोधला तर अकरा ठिकाणी सापडला. मला खात्री होती की तो त्याहून पुष्कळ जास्त वेळा आलाय. पान उघडून बघितलं तर शब्द समोर दिसतोय, आणि वर्ड म्हणतं, नाही. फाईल खराब झाली असं धरून मी वर्ड काढून पुन्हा टाकलं. तसंच.

शेवटी दोन ठिकाणचे दोन शब्द घेतले आणि बॅकस्पेसनं एकेक पाऊल मागं आलो. पहिल्यात शेवटी 'ऱ' उरला, खाली टिंब असलेला. दुसऱ्यात साधा 'र' उरला, टिंब नाही. छापल्यावर दोन्ही अगदी सारखे, आत मात्र वेगळे. पहिली प्रकरणं मी इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप केली होती, तिथं शिफ्ट आणि जे दाबलं की टिंबाचा ऱ येतो. पुढची नातवानं उच्चारानुसार टाइप होणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर केली. ते साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरतं. 'ॲ'चंही असंच आहे, दोन तऱ्हांनी लिहिता येतो.

उपाय सोपा निघाला. दुसऱ्या जातीचा अर्धा र कॉपी करून फाइंडच्या चौकटीत टाकला, टिंबाचा रिप्लेसच्या चौकटीत, आणि सगळे बदलून घेतले. नावांची सूची तयार करणाऱ्या प्रत्येकानं हे आधी करावं. नाहीतर एकच माणूस सूचीत दोनदा येतो.

राजारामपुरी, शिवाजी विद्यापीठात संशोधन करते

मसाई पठारावरच्या वनस्पतींचा प्रबंध. मे महिना, चार वाजता वळीव आला आणि लाईट गेली. वर्डची फाईल मी थेट पेनड्राईव्हवर उघडून काम करत होते. लाईट आल्यावर फाईल उघडेना. चूक तिथंच होती, फाईल आधी हार्डडिस्कवर घ्यायची, काम संपलं की परत पेनड्राईव्हवर कॉपी करायची.

पहिली गोष्ट केली ती म्हणजे बिघडलेल्या फाईलीची कॉपी, आणि पुढचं सगळं कॉपीवर. वर्डच्या ओपनच्या चौकटीत फाईल निवडून ओपन बटणाशेजारचा बाण दाबला, तिथं 'ओपन अँड रिपेअर' असतं. नाही झालं. मग सगळ्या डिस्कवर ज्यांच्या नावाच्या शेवटी एएसडी आहे अशा फाईली शोधल्या. वर्ड मुळात दर दहा मिनिटांनी अशी एक प्रत बाजूला ठेवतं. एक सापडली, पावणेचारची. मजकूर बहुतेक सगळा मिळाला, त्या दुपारी डकवलेले फोटो मात्र नव्हते.

फोटो कॅमेऱ्याच्या कार्डातून मी आधीच पुसले होते. ते असे मिळाले. वर्डची डॉक्स फाईल म्हणजे खरं तर झिप असते, अनेक फाईलींचं एक गाठोडं. फाईल एक्सप्लोररमध्ये फाईल नेम एक्स्टेन्शन्स दिसतील असं केलं, कॉपीच्या नावाचा शेवट बदलून झिप केला आणि उघडलं. आत वर्ड नावाचं फोल्डर, त्यात मीडिया, आणि त्यात माझे फोटो, इमेज 1, इमेज 2 असे ओळीनं. शेवटचे दोन अर्धवट होते, बाकी सगळे पूर्ण. मी त्या खुर्चीत बसून रडले.

आता दहाऐवजी तीन मिनिटं केलंय. फाईल, ऑप्शन्स, सेव्ह.

शाहूपुरी

2019 च्या महापुरात सीपीयू पाण्यात गेला. बहिणीकडं जवाहरनगरात एक हार्डडिस्क ठेवली होती, तिच्यावर दुकानाची सगळी बिलं होती. बाकी काही सांगण्यासारखं नाही, पण दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा. नदीकाठच्यांनी तर ठेवाच.

पुण्यात असतो, आई-बाबा कसबा बावड्यात

बाबांना फोनवर सांगायचं तर मी आता एकच विचारतो, "बाबा, स्क्रीनवर जे लिहिलंय ते जसंच्या तसं वाचा." पूर्वी ते "बंद पडलंय" म्हणायचे आणि मी अंदाजानं बटणं सांगायचो. वाचायला लागल्यापासून निम्म्या गोष्टी फोनवरच सुटतात. वर्ड उघडताच अडकायचं, तेव्हा कंट्रोल धरून उघडायला सांगितलं. त्यानं सेफ मोड येतो. सेफ मोडमध्ये चाललं म्हणजे वर्ड बरं आहे, दोष कुठल्यातरी ॲड-इनचा, म्हणजे वर्डला जोडलेल्या जास्तीच्या छोट्या प्रोग्रामचा. पीडीएफवालं एक ॲड-इन बंद केलं आणि झालं.

त्यांच्या मशीनवर विंडोज 10 आणि ऑफिस 2016 आहे. दोन्हींचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. चालतं आहे, पण बँकेचं काम त्यावर करू नका असं सांगून ठेवलंय. लिखाणासाठी लिबरऑफिस हे वर्डसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं. तिथं एकच अडलं: स्टाईलमध्ये अक्षर मोठं केलं तर इंग्रजी वाढायचं, मराठी तेवढंच राहायचं. लिबरऑफिस मराठीचा फाँट आणि आकार वेगळा धरतं. ऑप्शन्समध्ये लँग्वेजेसखाली 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू केलं की त्याचा वेगळा रकाना दिसतो.

लक्ष्मीपुरी

माझी अडचण सुटलेली नाही. प्रिंट दिली की काहीच येत नाही, यादीत कालची एक प्रिंट 'डिलिटिंग' म्हणून अडकून बसलीय. तीनदा बंद-चालू केलं. मुलीचा अर्ज सोमवारी द्यायचाय. कुणी सांगेल का?

मंगळवार पेठ

ताई, हे करून बघा. प्रिंटर बंद करा. स्टार्टमध्ये सर्व्हिसेस टाइप करा, यादीत 'प्रिंट स्पूलर' (प्रिंटची रांग हाच सांभाळतो) शोधा, उजवं क्लिक करून स्टॉप. मग सी ड्राईव्हमध्ये विंडोज, सिस्टम 32, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरात जा आणि आतल्या फाईली काढा. फोल्डर काढू नका, फक्त आतलं. परत स्पूलरवर स्टार्ट करा, मग प्रिंटर चालू करा. सेटिंग्जमध्ये 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' चालू असेल तर तेही बंद करा, नाहीतर शेवटचा वापरलेला प्रिंटर तो धरून बसतो. मग तो पीडीएफवालाही असू शकतो.

लक्ष्मीपुरी

आली प्रिंट. कालची यादीतून गेली, मग अर्जाची पुन्हा दिली. कागद लेटर साइजवर होता, खालची सहीची ओळ कापली गेली. ए-फोर करून पुन्हा काढली. आता सही करून पाकिटात घातलाय.