अनुभव धागा: घरचा माशाचा टार्ट आणि त्याचा ओला तळ

कोल्हापुरात ओटीजी (विजेचा छोटा घरगुती ओव्हन) आता बऱ्याच घरांत आलाय, मासळी कोकणातनं घाट चढून येतेच. तरी माशाचा खारा टार्ट (मैद्याच्या पारीत मासा आणि अंडं-क्रीमचं मिश्रण भरून भाजलेला) करायला घेतला की गाडी तळाशी अडते: वर झक्क सोनेरी, खाली कच्चा मैदा. ज्यांचा हात बसलाय त्यांनी मापासकट लिहा. 'मस्त झाला' एवढंच नको.

राजारामपुरी:
पारी बिघडली की पुढचं सगळं फुकट. ९ इंची, सुट्या तळाच्या साच्याला मैदा २०० ग्रॅम, फ्रीजमधलं घट्ट बटर १०० ग्रॅम, बर्फाचं पाणी ३ ते ४ मोठे चमचे. विकतचं बटर बहुधा खारं असतं, म्हणून मीठ चिमूटभरच. बटर बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळहात लावायचा नाही; ऊब लागली की ते वितळून मैद्यात जिरतं आणि खुसखुशीतपणा जातो. पाणी शिंपडल्यावर नुसतं गोळा करा. चपातीसारखं मळलंत तर पारी चिवट होते आणि भाजताना कडा आत ओढल्या जातात. गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये. ३ मिलिमीटर जाड लाटून साच्यात बसवली की परत २० मिनिटं. एप्रिल-मेमध्ये लाटतानाच मऊ पडते, तेव्हा पोळपाटासकट गार करायला ठेवा.

कसबा बावडा:
वरच्या ताईंच्या पारीला पुढं दोनदा भाजणं लागतं. काट्यानं टोचे मारा, बटर पेपर घाला, वर कोरडा राजमा कडेपर्यंत भरा. मधेच थोडा टाकला तर कडा घसरतात. १९० डिग्रीला १५ मिनिटं. मग राजमा-कागद काढून आणखी ८ मिनिटं, तळ हाताला कोरडा लागेपर्यंत. गरम असतानाच अंड्याचा पांढरा बलक ब्रशनं फिरवून २ मिनिटं परत आत. या थरामुळं ओल खाली उतरायला वेळ लागतो. (तो राजमा नंतर शिजत नाही, बरणीत वेगळा ठेवा.)

मंगळवार पेठ:
मासा कुठला? सुरमई सगळ्यात सोपी, मधला काटा काढला की काम झालं. नदीचा हवा तर मरळ. रोहू-कटल्यात बारीक दुहेरी काटे असतात, टार्टमध्ये ते शोधत बसणं म्हणजे शिक्षा. चिलापीचा (तिलापिया) मातकट वास लिंबू, हळद, मीठ लावून १५ मिनिटं ठेवून धुतल्यावर कमी होतो. बांगडा चवीला भारी, पण दूध-अंड्यात त्याचा वास फार पुढं येतो. माझं मत नको.

काटे काढून ३०० ग्रॅम मासा. ६-७ मिनिटं वाफवा, चाळणीत निथळा, मग कापडावर पसरा. सुटलेलं पाणी सारणात घालायचा मोह होतो. घालू नका, तळ ओला होण्याचं पहिलं कारण तेच.

शाहूपुरी:
दुसरं कारण कांदा, आणि तिसरं आपला कांदा-लसूण मसाला! दोन मध्यम कांदे मंद आचेवर पाणी पूर्ण आटेपर्यंत परता. मसाला दीड छोटा चमचा, त्याच कांद्यात मिनिटभर परतून. कच्चाच अंड्यात कालवला तर रवाळ लागतो. जास्त घातला तर तेल सुटून कडेला लाल तवंग येतो. तांबड्या रश्शावर तो शोभतो, इथं पारी भिजवतो. टोमॅटो घालायचाच तर बिया काढून.

मिश्रण: ३ अंडी, २०० मिली फ्रेश क्रीम, ५० मिली दूध, मिरपूड. हलक्या हातानं फेटा, फेस आला की वर भोकं पडतात. कांदा आणि मासा तळाशी पसरून वरनं ओता, कडेच्या पाव इंच खाली थांबा. १७० डिग्रीला ३०-३५ मिनिटं. कडा घट्ट आणि मधला रुपयाएवढा भाग थरथरत असताना बाहेर काढा. तो आतल्या उष्णतेवर बसतो. पूर्ण घट्ट होईपर्यंत ठेवलंत तर अंडं फाटून पाणी सोडतं, की परत तळ ओला. मधेच लाईट गेली तर दार उघडू नका.

रंकाळा परिसर:
ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ, स्टँड, वर साचा. पारी आधी भाजून घ्याच. झाकणाला कापड बांधा, नाहीतर वाफेचं पाणी टार्टवर टपकतं. मंद आचेवर ४०-४५ मिनिटं. वरून रंग येत नाही, चव येते. बेकरीच्या भट्टीत नानकटाईसारखा द्यायचा विचार असेल तर फक्त पारी भाजून आणा. भट्टीची आच आपल्या हातात नसते, अंडं फाटणार.

कसबा बावडा:
कापायची घाई नको, २० मिनिटं थांबा. उरलेला दुसऱ्या दिवशी १६० डिग्रीला १० मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये पारी मऊ पडते.