अमेरिकेत मृत्युदंडाविषयी गोऱ्यांचे आणि कृष्णवर्णीयांचे मत वेगळे का?

प्रश्न:
प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी जनमत संशोधन संस्थेच्या २०२१ च्या पाहणीत खुनासाठी मृत्युदंड असावा असे म्हणणारे गोरे अमेरिकन ६३ टक्के होते, कृष्णवर्णीय मात्र ४९ टक्के. खुनांची सर्वाधिक झळ कृष्णवर्णीयांनाच बसत असताना चित्र उलट असायला हवे होते. कृष्णवर्णीय बहुतांशी डेमोक्रॅट पक्षाकडे झुकतात आणि त्या पक्षात मृत्युदंडाला विरोध अधिक; मग ही तफावत केवळ पक्षनिष्ठेमुळे आहे काय?

पहिले उत्तर:
पक्षनिष्ठेचा वाटा आहेच, परंतु मूळ न्यायव्यवस्थेवरील अविश्वासात आहे, असे माझे ठाम मत आहे. सारख्याच गुन्ह्यासाठी कृष्णवर्णीयांना मृत्युदंड होण्याची शक्यता अधिक असते, असे त्याच पाहणीत ८५ टक्के कृष्णवर्णीयांनी सांगितले. गोऱ्यांत असे मानणारे जेमतेम निम्मे होते. या अविश्वासाला इतिहासाचा आधार आहे. १९३० ते १९७२ या काळात बलात्कारासाठी देहान्त शिक्षा झालेल्या ४५५ पुरुषांपैकी ४०५ कृष्णवर्णीय होते. पुढे मॅकक्लेस्की या मृत्युदंड झालेल्या कृष्णवर्णीय आरोपीच्या खटल्यात (१९८७) जॉर्जियातील एक अभ्यास सर्वोच्च न्यायालयापुढे आला. गोऱ्या व्यक्तीचा खून करणाऱ्यास मृत्युदंड होण्याची शक्यता, कृष्णवर्णीय व्यक्तीच्या खुन्याच्या तुलनेत, ४.३ पट असल्याचे त्यात दिसत होते. तरीही मॅकक्लेस्कीबाबत हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध झालेला नाही, असे म्हणून न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षा कायम ठेवली. आपल्या माणसाच्या जिवाचे मोल न्यायालयात कमी धरले जाते असे ज्यांना दिसते, त्यांना ही शिक्षा आपल्या रक्षणासाठी आहे असे कसे वाटावे?

दुसरे उत्तर:
शिक्षेतील वर्णभेद सांगितल्यावर गोऱ्यांचा पाठिंबा उलट वाढतो, असा २००७ मधील एका प्रयोगाचा निष्कर्ष वारंवार सांगितला जातो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत तो परिणाम आढळला नाही, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये.

तिसरे उत्तर:
मला अधिक गंभीर वाटते ते हे, की ही दरी ज्यूरीच्या, म्हणजे खटल्यात निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाच्या, निवडीतही उतरते. मृत्युदंडाच्या खटल्यात, आपण ही शिक्षा कधीच देणार नाही असे सांगणाऱ्या नागरिकाला ज्यूरीतून वगळता येते, आणि १९८६ मध्ये लॉकहार्ट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत वैध ठरवली. विरोध कृष्णवर्णीयांत अधिक असल्याने या चाळणीत वगळले जाण्याची शक्यताही त्यांचीच अधिक असते. म्हणजे ज्यांनी या व्यवस्थेचा अन्याय सर्वाधिक सोसला, त्यांचेच मत निर्णयाच्या खोलीत कमी पोहोचते. आणि तरीही ज्यूरीचा निर्णय संपूर्ण समाजाचा म्हणून मांडला जातो.